चौदा नंबरची फ्रेम

फोनच्या खोक्यात एक बारीक अक्षरांची पुस्तिका असते. ती कुणी वाचत नाही. अशा पुस्तिका लिहिणं हेच सहा वर्षं माझं काम होतं, त्यामुळे आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही याची मला चांगली सवय आहे. फोन बनवणाऱ्या त्या कंपनीत मी वरच्या मजल्यावर बसायचो. ‘हा फोन अमुक उंचीवरून पडला तरी’ अशी सुरुवात असलेलं वाक्य लिहायची वेळ आली, की खात्री करून घ्यायला तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत जायचो. तिथे ताई असायच्या.

कंपनीत सगळे त्यांना ‘पाडकामवाल्या ताई’ म्हणायचे, कारण फोन पाडणं हेच त्यांचं काम होतं. कमरेच्या उंचीवरून, कानाच्या उंचीवरून. पाठीवर, तोंडावर, चारी कोपऱ्यांवर. फरशीवर, दगडावर, डांबराच्या लादीवर. यंत्राचा चिमटा फोन धरायचा, ताई खटका दाबायच्या, फोन खाली. मग तो उचलायचा, डोळ्याला भिंग लावून त्याची कड न् कड बघायची आणि तक्त्यात लिहायचं. पुन्हा चिमट्यात. एका फोनचे सव्वीस वेळा हाल झाले की दुसरा.

“घरी कपाचा कान तुटला तरी सासूबाई दोन दिवस ऐकवतात,” त्या म्हणायच्या, “आणि इथे फोडायचा पगार देतात. माणसाने कुठे जन्म काढावा सांगा!”

ताई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालताना पावलांचा आवाज न करणाऱ्या. शिक्षण बेताचं. आधी त्या पंख्यांच्या कारखान्यात तयार माल तपासायच्या. तो बंद पडला तेव्हा इथे आल्या. पंख्याच्या आवाजावरून त्याचं कुठलं पातं वाकडं आहे ते त्यांना कळायचं म्हणे. इथे आल्यावर तीच नजर आणि तोच कान फोनला लागले. त्यांच्या नवऱ्याचं चष्मे दुरुस्त करायचं छोटंसं दुकान होतं, एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढं. म्हणजे नवरा-बायको दोघांचं पोट फ्रेमवरच. एक फोनची मोडायची आणि एक चष्म्याची जोडायचा.

मी सांगतोय ती गोष्ट कंपनीच्या एका नव्या फोनची. त्याचा पडदा ठरला होता, कॅमेरा ठरला होता, अडलं होतं ते कडेच्या फ्रेमपाशी. हातात धरल्यावर बोटांना लागते ती कड, जिच्यावर सगळा फोन पेललेला असतो, ती कशाची करायची? अॅल्युमिनियम हलकं आणि कापायला सोपं, पण आपटलं की पोचा येतो. टायटॅनियम हलकंही आणि कणखरही, पण ते कापता कापता कारखान्यातली हत्यारं बोथट होतात आणि एका फ्रेमच्या वेळात तीन अॅल्युमिनियमच्या होतात. प्लास्टिकला कशाचीच तक्रार नाही, रेंजसुद्धा झकास मिळते, पण हातात घेतल्यावर खेळणं वाटतं. आणि स्टील. स्टील जड, निसरडं, पण असं चकाकायचं की बघणाऱ्याने खिशातून रुमाल काढावा.

स्टीलच्या बाजूने एकच माणूस हट्टाने उभा होता. तो आमचा डिझायनर. तिशी नुकतीच ओलांडलेली, काटकुळा, दाढी कधी आहे कधी नाही. वाटेल तो विषय काढा, तो फिरून फोनच्या कडेवर यायचा. म्हणून त्याचं नाव पडलं ‘कंगोरे’. त्याचं म्हणणं असं, की अॅल्युमिनियमच्या रंगाचा टवका उडाला की फोन जुना दिसतो आणि लोक तो टाकून देतात. स्टीलवर ओरखडा उठला तर घासूनपुसून पुन्हा चमकवता येतो. “लोकांनी वस्तू टाकू नये एवढंच मला करायचंय,” तो म्हणायचा. दोन वर्षं तो त्या एका कडेवर काम करत होता.

वरच्या मजल्यावरची बाकीची माणसं प्रयोगशाळेत पाऊल ठेवत नसत. तिथला धाडधाड आवाज त्यांना सोसायचा नाही. कंगोरे मात्र दर दोन दिवसांनी खाली यायचा. ताईंना डोळे मिटायला सांगायचा आणि त्यांच्या हातात एकेक नमुना ठेवायचा.

“हा?”

“ओल्या साबणासारखा. सुटेल हातातून.”

“आणि आता हा?”

“हा बरा. पण इथे बोटाला टोचतंय.”

असं म्हटलं की तो लगेच वर पळायचा आणि चार दिवसांनी टोचणारा भाग कमी करून आणायचा. ताई मला म्हणाल्या होत्या, “एवढ्या वर्षांत मला ‘काय मोडलं’ हे सगळ्यांनी विचारलं. ‘कसं वाटतंय’ हे या पोराने पहिल्यांदा विचारलं.” त्याच्यासाठी त्या डब्यातून काहीतरी जास्तीचं आणायला लागल्या. तो जेवण विसरायचा आणि त्यांना ते बघवायचं नाही.

शेवटी स्टील ठरलं. ताईंच्या सगळ्या चाचण्यांत ते पास झालं होतं. सव्वीसच्या सव्वीस वेळा पडूनही कोपरे जसेच्या तसे. साचे करायला गेले, कंपनीने बाजारात आणायची तारीख जाहीर केली, आणि मी पुस्तिकेत ‘पोलादी’ हा शब्द तीन ठिकाणी घातला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. फ्रेम धातूची असली की रेंज अडते. म्हणून तिच्यात चार ठिकाणी फट ठेवून प्लास्टिकची बारीक पट्टी बसवतात. ती पट्टी धातूला इतकी घट्ट चिकटलेली असते, की बोट फिरवलं तरी सांधा कळत नाही. प्रयोगशाळेत फोनच्या दोन रांगा असायच्या. निळ्या चिठ्ठीचे फोन पाडायचे. पिवळ्या चिठ्ठीचे फोन एका पेटीत ठेवायचे; ती आठ दिवस त्यांना आळीपाळीने उन्हातल्या बंद गाडीइतकं तापवायची आणि बर्फाइतकं गारठवायची. निळे ते निळे, पिवळे ते पिवळे. तापवून-गारठवून झालेला फोन कुणी पाडत नसे. तसा नियमच नव्हता.

एक दिवस अकराच्या सुमाराला ताईंना नवऱ्याचा फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यांना दवाखान्यात नेत होते. “तू घाई करू नकोस,” नवरा म्हणाला, “डॉक्टर दुपारी बघणार आहेत. हातातलं आटपून ये.” ताईंच्या दोन्ही हातांत दोन ट्रे होते, एक निळ्या चिठ्ठीच्या फोनचा आणि एक पेटीतून नुकत्याच काढलेल्या पिवळ्यांचा. त्या म्हणतात, की ते ट्रे टेबलावर कधी ठेवले, फोनवर काय बोलल्या, पुन्हा कधी उचलले, यातलं त्यांना काहीही आठवत नाही. हात आपोआप चालत राहिले. चौदा नंबरचा फोन तिसऱ्यांदा खाली पडला तेव्हा वेगळाच आवाज आला. नेहमी ‘ठक’ व्हायचं, या वेळी ‘टिक’ झालं. भिंगातून बघितलं, तर खालच्या पट्टीला आरपार तडा. तक्त्यात त्यांनी तो लिहिला, पर्स उचलली आणि दवाखाना गाठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो फोन पुन्हा हातात घेतला आणि त्यांना घाम फुटला. चिठ्ठी पिवळी होती. प्रत्येक रांगेत एक चौदा नंबर असायचाच. घाईत पेटीतला चौदा पाडायच्या रांगेत आला होता आणि पाडायचा चौदा ट्रेमध्ये निवांत पडून होता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून नमुन्यांची अदलाबदल कधी झाली नव्हती. आता करायचं काय ते कागदावर सोपं होतं. ‘नमुना चुकून बदलला, नोंद रद्द’ अशी एक ओळ लिहायची, सही करायची, संपलं. तडा त्या ओळीखाली गाडला गेला असता आणि कुणी काही विचारलंही नसतं.

त्यांनी ओळ लिहिली नाही. संध्याकाळी दवाखान्यात भेटायच्या वेळेला त्या सासूबाईंच्या खाटेशी बसल्या आणि नवऱ्याला विचारलं, “तुमच्याकडे धातूच्या आणि प्लास्टिकच्या अशा मिश्र फ्रेमा येतात ना? त्या कुठे मोडतात?”

“सांध्यात. आणखी कुठे मोडणार?”

“नुसत्या पडून?”

नवऱ्याने थोडा विचार केला. “नाही गं. नुसत्या पडून क्वचितच. लोक चष्मा गाडीत काचेपाशी ठेवतात. तापतो, गार होतो, तापतो, गार होतो. वरून छान दिसतो, पण आतून सांधा सुटलेला असतो. मग एक दिवस उशीवर जरी पडला तरी दोन तुकडे. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, मी काहीच केलं नाही. आणि खरंच त्याने काही केलेलं नसतं.”

“अगं, माझ्या हाडाचंही बोला कुणीतरी,” सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. “मी तापले नाही, गारठले नाही, तरी मोडलेच की!”

तिघंही हसले. पण ताईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. माणूस फोन उन्हात ठेवतो, गार खोलीत आणतो, खिशात कोंबतो आणि मग पाडतो. त्याला कुठे निळी आणि पिवळी चिठ्ठी लावलेली असते?

तिसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर उभ्या राहिल्या आणि झालेली अदलाबदल सांगून टाकली. प्रमुख माणूस वाईट नव्हता. ताईंच्या घरचं त्याला कळलं होतं. तो म्हणाला, “होतं असं कधीकधी. नोंद रद्द करा. तुम्ही कबूल केलंत, माझ्यापुरता विषय संपला.”

“साहेब, चूक माझी आहे. पण तडा माझा नाही.”

“ताई, साचे तयार झालेत. तारीख जाहीर झालीये. एका फोनवरून मी काय सांगू वर?”

“एकावरून नकाच सांगू. मला सहा स्टीलचे द्या आणि सहा अॅल्युमिनियमचे. आधी पेटीत, मग पाडायचे. आठ दिवस लागतील. काही नाही निघालं तर मी स्वतः नोंद रद्द करते आणि वर तुम्हाला चहा पाजते.”

त्याने बराच वेळ पेनाचं टोपण उघडलं, लावलं, उघडलं. मग बारा फोनांच्या कागदावर सही केली.

ते आठ दिवस ताईंनी कसे काढले ते मी पाहिलंय. सकाळी दवाखाना, दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी पुन्हा दवाखाना. त्यातच कंगोरे दोनदा खाली येऊन गेला. नव्या चकाकीचा नमुना दाखवून गेला. ताईंनी त्याला काही सांगितलं नाही. त्या नंतर म्हणाल्या, “एकीकडे वाटत होतं तडा पुन्हा जावा, म्हणजे मी वेडी ठरणार नाही. दुसरीकडे वाटत होतं जाऊ नये, निदान त्या पोरासाठी तरी.”

नवव्या दिवशी बारा फोन पेटीतून निघाले. दुपारपर्यंत निकाल लागला. अॅल्युमिनियमच्या सहांना पोचे आले, एकाचा कोपरा तर चेचलाच, पण पट्टी एकाचीही सुटली नाही. स्टीलच्या सहांपैकी चौघांची पट्टी तडकली. अॅल्युमिनियम पोचा घेऊन धक्का स्वतः गिळत होतं, कणखर स्टील तो सगळा पेटीत सैल झालेल्या सांध्याकडे ढकलत होतं. तडा केसाएवढा. पण त्यातून घाम आत जाणार, पाणी जाणार, रेंज जाणार.

अहवाल वर पाठवायच्या आधी ताईंनी प्रमुखांकडून एक तास मागून घेतला आणि कंगोरेला खाली बोलावलं. योगायोगाने मी तिथेच होतो, निघून जायला निमित्त सापडत नव्हतं.

ताईंनी चार फोन एका ओळीत ठेवले आणि भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने एकेक बघितला. मग पहिल्यापासून परत बघितला.

“किती वेळा पाडले?”

“कुणी तिसऱ्याला गेला, कुणी पाचव्याला.”

“पेटीत जास्त तापले असतील.”

“नाही रे. नेहमीइतकेच.”

“दोन वर्षं, ताई,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण बसला होता. “तुम्हाला माहितीये ना? आणि तुम्हीच...” पुढचं त्याने गिळलं. पाचवा स्टीलचा फोन, जो तडकला नव्हता, तो उचलून त्याने स्वतः चिमट्यात लावला आणि खटका दाबला. ठक. पुन्हा लावला. ठक. त्याच्या चेहऱ्यावर जरा आशा आली. तिसऱ्यांदा ‘टिक’ झालं. भिंग न लावताच तो वळला आणि जिना चढून गेला.

ताईंनी तो फोन उचलला, तपासला आणि तक्त्यात लिहिलं. हात स्थिर होते. लिहून झाल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले.

मग वर बैठक झाली. ताईंना पहिल्यांदाच त्या लांब टेबलाशी बसवलं गेलं. कंपनीच्या प्रमुख बाई कडक होत्या. कमी बोलायच्या आणि समोरच्याला जास्त बोलायला लावायच्या. त्यांनी अहवाल चाळला आणि विचारलं, “ही चाचणी आपल्या नियमात नाही. मग केलीत का?”

ताईंनी सगळं सांगितलं. सासूबाई, दोन ट्रे, चौदा नंबर.

“म्हणजे तुमच्या हातून चूक झाली नसती तर हे कळलंच नसतं?”

“कळलं असतं की,” ताई म्हणाल्या. “गिऱ्हाइकांना कळलं असतं.”

विक्री विभागाचा एक जण म्हणाला, की सगळ्यांचेच फोन थोडेच तापणार आहेत, तारीख सांभाळावी, तक्रारी येतील तशा बघून घेऊ. दोन-तीन माना हलल्याही. तेव्हा टेबलाच्या टोकाकडून कंगोरे बोलला. आठवडाभर त्याने तोंड उघडलं नव्हतं.

“स्टीलचा सांधा मला नीट करता येईल,” तो म्हणाला, “पण त्याला आठ-नऊ महिने लागतील, आणि तेवढे आपल्याकडे नाहीत. अॅल्युमिनियम घ्या. जरा कठीण जातीचं घ्या आणि कोपरे जाड करा. मी लोकांना टिकणारी वस्तू देतो म्हणून सांगत फिरतो. ही टिकत नाही.”

एवढं बोलून तो खाली बसला. कान लाल झाले होते.

फोन चार महिने पुढे गेला. माझ्या पुस्तिकेतला ‘पोलादी’ तिन्ही ठिकाणी खोडला गेला. आणि ताईंना नमुन्यांची अदलाबदल केल्याबद्दल लेखी समज मिळाली. नियम म्हणजे नियम. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना तो कागद देताना ओशाळल्यासारखं झालं, पण ताईंनी सरळ सही केली. “झाली होतीच ना माझी चूक?” त्या मला म्हणाल्या. “मग घेते. पण त्याच फाइलीत माझा अहवालही लावा म्हटलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी राहू देत.” त्या महिन्यापासून प्रत्येक नमुना आधी पेटीत आणि मग खाली, असा नवा नियम आला. निळ्या-पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात गेला.

कंगोरे तीन आठवडे खाली आला नाही. ताई डब्यात जास्तीचं आणत राहिल्या आणि संध्याकाळी ते मला मिळत राहिलं. माझी त्याला हरकत नव्हती. मग एका दुपारी तो दारात उभा राहिला, हातात अॅल्युमिनियमचे पाच कोपरे.

“डोळे मिटा,” तो म्हणाला.

ताईंनी आधी त्याला बसवलं, खायला घातलं आणि मग डोळे मिटले. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल त्याने माफी मागायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, “ते राहू दे. तिसरा कोपरा पुन्हा दे बघू. तो हाताला चांगला लागतोय.” तिसराच ठरला.

सासूबाई दोन महिन्यांनी काठी घेऊन चालू लागल्या आणि घरातल्या कपांवर पुन्हा त्यांची नजर बसली. फोन बाजारात आला. नावाजला गेला असं मी म्हणणार नाही. पारखी लोकांनी लिहिलं, की फोन चांगला आहे, पण फ्रेम अगदीच साधी, कल्पकता कमी पडली. ते वाचून कंगोरेने कपाळावर हात मारला, आणि ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

वर्षभराने दुरुस्तीला आलेल्या फोनांपैकी दोनशे फोन ताईंच्या टेबलावर तपासायला आले. मी आणि कंगोरेही मदतीला बसलो. कोपऱ्यांचा अवतार बघवत नव्हता. पोचे, खरवडे, कुणीतरी दगडावर आपटल्यासारख्या खुणा. एकावर तर लहान मुलाने दात रोवले असावेत. पट्ट्या मात्र सगळ्या जागच्या जागी. एकशे सत्तरच्या आसपास कंगोरेने एक फारच चेचलेला फोन प्रकाशात धरला.

“काय घाण दिसतोय,” तो म्हणाला.

“चालू करून बघ,” ताई म्हणाल्या.

त्याने बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर कुणा अनोळखी कुटुंबाचा फोटो आला. सगळे उन्हाने डोळे बारीक करून हसत होते. कंगोरे तो फोटो थोडा वेळ बघत राहिला. मग फोन ‘पट्टी शाबूत’ लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवला आणि पुढचा उचलला. अजून तीस उरले होते.